मन्याच्या कानात तेल घालू का?

पत्र:

डॉक्टरबाई, नमस्कार. मी चिपळूणजवळच्या एका गावात राहते. आमच्याकडे 4 वर्षांचा नारिंगी बोका आहे, मन्या. दीड महिन्यापूर्वी मुलाने आठवडी बाजारातून एक पिल्लू उचलून आणलं, तिचं नाव ठकी. आता 10-12 दिवस झाले, मन्या सारखा मान झटकतो, मागच्या पायाने कान खाजवतो. दोन्ही कानांत काळा मळ साचलाय, ओल्या चहापत्तीसारखा. काल खाजवून खाजवून कानामागे रक्त काढलं. सासूबाई म्हणतात, खोबरेलात लसूण कडकवून ते कोमट तेल घाल, आमच्याकडे पोरांच्या कानातही तेच घालायचे. शेजारचे दादा म्हणाले, गोठ्यातलं गोचिडांचं औषध पाण्यात कालव आणि फडक्याने पूस. मोबाइलवर एका व्हिडिओत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि इअरबड वापरताना दाखवलंय. तालुक्याच्या दवाखान्यात सगळे गाई-म्हशी घेऊन आलेले असतात, तिथे मांजर घेऊन जायला संकोच वाटतो. घरच्या घरी कान कसा साफ करू? किती दिवसांनी करायचा? त्याच्या ओठांवर आणि नाकावरही काळे ठिपके आहेत, डोळा आणि कानाच्या मधले केसही विरळ दिसतात. हे सगळं एकच दुखणं आहे का?

उत्तर:

ताई, आधी एक विनंती. हे पूर्ण वाचून होईपर्यंत मन्याच्या कानात काहीही घालू नका. तेल नको, औषध नको, पाणीसुद्धा नको. घातलं असेल तर घाबरू नका, पण गोठ्यातलं औषध लावलं असेल तर पुढचं न वाचता त्याला उचला आणि दवाखाना गाठा. का ते सांगतेच.

तुमच्या शेवटच्या प्रश्नातली काळजी लगेच मिटवते. नारिंगी मांजरांच्या ओठांवर, नाकावर, पापण्यांच्या कडेला वय वाढेल तसे काळे-तपकिरी ठिपके येतात. आपल्याकडे कुणाला तीळ असतात तसंच हे. ठिपके सपाट असतील, त्यांवर खपली नसेल, ते दुखत नसतील तर त्यांना हात लावायचं कारण नाही. घासून काढायला तर अजिबात जाऊ नका, ते निघणार नाहीत आणि कातडी मात्र सोलेल. डोळा आणि कान यांच्या मधली विरळ केसांची पट्टी तर जवळजवळ प्रत्येक मांजराला असते. आखूड केसांच्या मांजरात ती जास्त उठून दिसते. तिथली कातडी लाल, खवलेदार नाही ना एवढं पाहा. म्हणजे तुमच्यासमोर तीन दुखणी नाहीत, एकच आहे. ते कानात आहे, आणि तुम्ही लिहिलेल्या खुणा वाचून ते काय असावं याचा मला बराच अंदाज आला.

चहापत्तीसारखा काळा, भुरभुरीत मळ. दोन्ही कानांत. भयंकर खाज. आणि हे सगळं सुरू झालं घरात बाहेरचं पिल्लू आल्यानंतर महिनाभराने. बाजारातून, रस्त्यावरून आलेल्या पिल्लांच्या कानात एक बारीक किडा फार वेळा असतो. त्याला आम्ही कानातला माइट म्हणतो. गोचिडाच्याच गोतावळ्यातला, आठ पायांचा, पण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. तो कानाच्या कातडीवर राहतो, तिथला मळ आणि पाझरणारा द्रव खातो, तिथेच अंडी घालतो. अंड्यातून निघून, वाढून, पुन्हा अंडी घालण्याजोगा व्हायला त्याला साधारण 3 आठवडे लागतात. ठकी आणि मन्या एका गोणपाटावर एकमेकांना चिकटून झोपत असतील, एकमेकांचं डोकं चाटत असतील. तेवढं त्याला पुरतं. ठकी खाजवत नसली तरी तिचे कान निवांत बघा, तिथेही तोच मळ सापडेल असं मला वाटतं.

घरी एक गोष्ट करून बघता येईल. मन्याने मान झटकल्यावर अंथरुणावर जे काळे कण पडतात, ते काळ्या कागदावर घ्या. उन्हात धरून मुलाच्या भिंगातून पाहा. पांढरे, टाचणीच्या टोकाहून बारीक ठिपके हळूहळू सरकताना दिसले तर तेच ते. दिसले नाहीत म्हणून मात्र ते नाहीत असं समजू नका. तसाच काळा मळ बुरशीने किंवा जिवाणूंनी कान सुजला तरी येतो, आणि त्या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. कान साफ करण्याआधी तो घाण कशाने झाला हे कळायला हवं, असा माझा हट्ट आहे तो यासाठीच. नुसता मळ काढत बसलात तर किडे आत सुखाने राहतील, आठवड्याने मळ पुन्हा येईल, आणि तुम्ही आणखी खोल पुसायला जाल.

आता तुम्हाला मिळालेले तीन सल्ले. तिन्ही मायेपोटी मिळालेत, पण तिन्ही नकोत.

गोठ्यातलं औषध सगळ्यात आधी, कारण त्याने जीव जातो. गाई-म्हशींच्या गोचिडांवर मिळणाऱ्या बाटल्यांत बहुतेक वेळा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ असतं. कुत्र्यांच्या पावडरींत, मानेवर टाकायच्या थेंबांत पर्मेथ्रिन असू शकतं. गाईला, कुत्र्याला जे सोसतं ते मांजराला सोसत नाही. अशी बरीच औषधं मोडून शरीराबाहेर टाकायला यकृतात जी यंत्रणा लागते, ती मांजरात फार तोकडी असते. (म्हणूनच माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. ताप आला, दुखतंय, म्हणून ती कधीच देऊ नका.)

मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तालुक्याच्या दवाखान्यात होते. संध्याकाळी दार लावता लावता एक आजोबा आले, खांद्यावर कापडी पिशवी. पिशवी हलत होती. आत मांजर आहे म्हणून हलतेय असं मला वाटलं. टेबलावर ठेवून उघडली तर मांजर उठायचा प्रयत्नही करत नव्हतं. कानाची टोकं, मिशा, पाठीची कातडी, सगळं अंग आपोआप फडफडत होतं, जणू आत वीज खेळतेय. आजोबांनी सकाळी तिच्या कानाला आणि मानेला म्हशीचं औषध चोळलं होतं, जरा जास्तच, म्हणजे लवकर गुण येईल म्हणून. आम्ही तिला कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या पातळ साबणाने धुतलं, झटके थांबायला इंजेक्शनं दिली, रात्रभर बसलो. आजोबा बाकावर बसून होते, घरी गेले नाहीत. पहाटे ती गेली. जाताना त्यांनी मला विचारलं, "माझ्या हातानं झालं का?" मला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही सांगता आलं नाही. आज इतक्या वर्षांनी हे लिहिते आहे ते तुमच्या शेजारच्या दादांनीही वाचावं म्हणून. त्यांना वाचून दाखवा. ते मुद्दाम वाईट सल्ला देत नव्हते, त्या आजोबांसारखंच त्यांनाही ठाऊक नव्हतं.

लसणाच्या तेलाचं दोन परींनी वाईट आहे. लसूण आणि कांदा मांजराच्या पोटात गेला तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि मांजर कानातून ओघळलेलं तेल पंजाने पुसून चाटणारच. दुसरं, तेलाचा आणि मळाचा मिळून चिखल होतो. डॉक्टरांनी आत पाहायचं म्हटलं तर पडदा दिसत नाही, औषध घातलं तर कातडीपर्यंत पोचत नाही. नुसतं खोबरेल घातलं तर काही किडे गुदमरून मरतीलही, पण अंडी उरतात आणि 3 आठवड्यांनी तुम्ही पुन्हा तिथेच येता. निलगिरीचं, टी ट्रीचं, कडुलिंबाचं तेलही नको. पहिली दोन तर मांजराला सरळ विषारी. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट सुजलेल्या कानात आग करतात. तुमच्या बोटावरच्या ओल्या जखमेवर स्पिरिट पडलं तर काय होतं ते आठवा, तसं कानाच्या आत. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारं फरशीचं किंवा जखमेचं जंतुनाशकही मांजराच्या जवळ आणू नका. व्हिनेगर, लिंबू, माणसाच्या कानाचे थेंब हेही सगळं बाजूला ठेवा.

इअरबड का नको, हे नीट समजून घ्या, कारण हे समजलं की बाकीचं आपोआप समजेल. डाव्या हाताची तर्जनी खाली जमिनीकडे धरा आणि अंगठा आडवा बाहेर काढा. दोघांत काटकोन होतो ना? मांजराच्या कानाची नळी तशी आहे. आधी ती सरळ खाली उतरते आणि मग वळून डोक्याच्या आत जाते. त्या आडव्या भागाच्या टोकाला पडदा. वरून तुम्ही बड घातलात की मळाचा जो वरचा थर पुसला जाईल तो तुम्हाला बडवर दिसतो आणि वाटतं, वा, निघतंय. पण त्याहून जास्त मळ बडच्या टोकाने खाली ढकलला जातो आणि वळणावर जाऊन ठासून बसतो. त्यात मांजराने डोकं हलवलं, आणि ते हलवणारच, तर काडी कातडीत घुसते. निरोगी कानाला तर आतून साफ करायची गरजच नसते. नळीच्या आतली कातडी पडद्यापासून बाहेरच्या दिशेला सावकाश सरकत असते आणि मळाला आपल्याबरोबर दाराशी आणून सोडते. आपलं काम दाराशी आलेलं उचलण्याचं. बोट जाईल तेवढंच आत जायचं, आणि बोट फार आत जात नाही, तेच बरं आहे.

तेव्हा पहिली पायरी दवाखाना. तुमचा संकोच मला कळतो. मी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिले आहे. म्हशीचं पोट फुगलंय, शेतकरी घामाघूम झालाय, आणि मागे एक मुलगी मांजर छातीशी धरून उभी. तिला वाटतं, आपलं काय एवढं. पण सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातला डॉक्टर मांजराचंही शिकलेला असतो. सकाळी लवकर जा, गर्दी नसते. आधी फोन करून विचारा की कान बघायचं यंत्र आहे का. ऑटोस्कोप म्हणतात त्याला, पुढे नळी आणि दिवा असलेलं. नसेल तर चिपळूण शहरात किंवा रत्नागिरीला पाळीव प्राण्यांचा डॉक्टर गाठा. तिथे दोन गोष्टी मागा: एक, कानाचा पडदा शाबूत आहे का ते पाहा. दोन, थोडा मळ स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. माइट असतील तर ते काचेवर चालताना दिसतात. मुलाला बरोबर न्या, त्यालाही दाखवा, तो जन्मात विसरणार नाही.

पडद्याचं एवढं महत्त्व का? पडदा फाटलेला असेल तर कानात घातलेलं औषध मधल्या कानात उतरतं आणि तिथून आतल्या कानापर्यंत पोचू शकतं, जिथे ऐकू येण्याची आणि तोल सांभाळण्याची व्यवस्था आहे. कान धुण्याच्या काही द्रवांनी आणि काही प्रतिजैविकांच्या थेंबांनी मग मांजर बहिरं होऊ शकतं किंवा त्याचा तोल जाऊ शकतो. म्हणून मागच्या वेळची उरलेली बाटली, किंवा कुणाच्या कुत्र्यासाठी दिलेले थेंब वापरायचे नाहीत.

नेण्यासाठी पिंजरा नसेल तर विकत घ्यायलाच हवा असं नाही. भाजीच्या प्लॅस्टिकच्या दोन सारख्या जाळीदार टोपल्या घ्या. एकीत जुनी साडी अंथरा, जी त्याने अंगाखाली घेतलेली आहे, म्हणजे त्याचाच वास असेल. मन्याला बसवा, दुसरी टोपली वर उपडी घाला आणि चारही बाजूंनी सुतळीने घट्ट बांधा. वरून टॉवेल टाका, अंधार झाला की तो गप्प बसेल. एसटीत किंवा रिक्षात टोपली मांडीवर, आडवी, हलणार नाही अशी. ठकीला दुसऱ्या टोपलीत, पण तिलाही न्या. हे महत्त्वाचं आहे. एकाला औषध दिलं आणि दुसऱ्याला नाही तर महिन्याभरात पुन्हा पहिल्याला होतं. घरात कुत्रा असेल तर त्यालाही हाच किडा होतो, त्याचंही सांगा.

माइट निघाले तर डॉक्टर बहुधा मानेच्या मागच्या बाजूला, जिथे जीभ पोचत नाही, तिथे टाकायचे थेंब देतील. सेलामेक्टिन किंवा मोक्सिडेक्टिन ही त्यातली मांजरासाठीची औषधं. वय आणि वजन बघूनच मात्रा ठरते, म्हणून ठकीचं वजन तिथेच करून घ्या. गाईंच्या इंजेक्शनमधलं आयव्हरमेक्टिन स्वतःच्या अंदाजाने कधी देऊ नका, लहान पिल्लाला ते झेपत नाही. थेंब टाकल्यावर दोघांची अंथरुणं, गोणपाट, मन्या ज्या उशीवर लोळतो तिचा अभ्रा, सगळं कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. पावसाळा असेल आणि ऊन नसेल तर जुनं गोणपाट फेकून द्या. खाज दोन-चार दिवसांत उतरायला लागते, पण डॉक्टर सांगतील तेवढे दिवस औषध पुरं करायचं, मन्या बरा दिसला तरी. अंड्यांचा हिशोब आठवा.

आता ज्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत ते. डॉक्टरांनी पडदा ठीक आहे म्हटलं, कान धुण्याचा द्रव दिला, की घरी हे काम तुम्हीच करायचं आहे, आणि तुम्ही ते छान कराल.

वेळ निवडा दुपारची, पोट भरल्यावर, घर शांत असताना. स्वयंपाकघरात नको, तिथे कपाटाखाली शिरायला जागा असते. एक लहान खोली, दार लावलेलं, पंखा बंद. दोन माणसं असतील तर उत्तम. आधी सगळं हाताशी मांडून ठेवा: द्रवाची बाटली, कापसाचे बोळे किंवा त्याहून बरे म्हणजे जखमेच्या पट्टीच्या जाळीदार कापडाचे चौकोन, एक जाड टॉवेल, आणि उकडलेल्या बांगड्याची काटे काढलेली फोड. मीठ, मसाला, कांदा-लसूण काही न लावलेली. मांजर हातात धरून ‘बोळे कुठे ठेवले’ म्हणून शोधायला लागलात की सगळं बिघडलं.

द्रव थंड असता कामा नये. कानात थंड थेंब पडला की मांजर दचकतं, आणि गार द्रवाने त्याला गरगरल्यासारखंही होतं. बाटली गरम पाण्यात बुडवू नका, अंदाज चुकतो. मुठीत धरून पाच-दहा मिनिटं बसा. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा, बाळाचं दूध पाहतो तसं. काहीच जाणवलं नाही, ना गार ना गरम, म्हणजे झालं.

जमिनीवर मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसा. मन्याची पाठ तुमच्याकडे, तोंड पुढे, म्हणजे त्याला मागे सरकायला जागा नाही. टॉवेलमध्ये त्याला बाळाला दुपट्यात गुंडाळतो तसं गुंडाळा, चारही पाय आत, फक्त डोकं बाहेर. मानेभोवती दोन बोटं जातील इतकं सैल. मानगुटीला धरून लटकवू नका. लहान पिल्लाला आई तसं उचलते, मोठ्या बोक्याला ते दुखतं आणि तो जास्त भितो.

डाव्या हाताने कानाची पाळी मुळाशी धरा, टोकाला नाही, आणि हळूच वर आणि किंचित मागे ओढा. नळीचा उभा भाग त्याने थोडा सरळ होतो. आधी नुसतं बघा. पाळी फिकट गुलाबी असावी, वास नसावा. वास घेऊन पाहा खरंच. कुबट, आंबूस, कुजका वास आला तर थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. कानाच्या बाहेरच्या कडेला, मुळाजवळ, कातडीची एक बारीक दुहेरी घडी असते, लहानशा खिशासारखी. ती बहुतेकांना माहीत नसते. किडे, मळ, कधी पिसवाही तिथे लपलेल्या असतात. द्रवात भिजवलेला कापडाचा कोपरा बोटावर घेऊन तो खिसा उघडून पुसा.

मग बाटलीचं टोक कानाच्या वर धरून, आत न खुपसता, कानाला न लावता, डॉक्टरांनी सांगितले तेवढे थेंब सोडा. टोक कानाला लागलं तर ती घाण बाटलीत जाते आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कानात. लगेच पाळी सोडू नका, नाहीतर तो मान झटकून सगळं तुमच्या तोंडावर उडवेल. पाळी धरूनच, कानाच्या मुळाशी गालाच्या बाजूला जे लवचीक, कुर्चेसारखं लागतं, ते अंगठा आणि दोन बोटांनी चोळा. वीस-तीस आकडे मोजा. पचपच असा ओला आवाज येईल. तो आवाज आला म्हणजे द्रव वळणापर्यंत पोचला आणि मळ सुटतोय. बऱ्याच मांजरांना हे चोळणं आवडतं, कारण नेमकी तिथेच खाज असते. मन्या डोकं तुमच्या हातावर रेलून देईल, कदाचित त्याचा एक पाय हवेत खाजवायला लागेल.

आता पाळी सोडा आणि टॉवेल थोडा डोक्यावर धरून त्याला मान झटकू द्या. त्याला झटकू द्यायलाच हवं. आतला सुटलेला मळ त्यानेच वर येतो. आपल्याला जमत नाही ते त्याची मान करते. मग बोटाला कापड गुंडाळा आणि वर आलेलं तेवढंच टिपा, आतून बाहेरच्या दिशेला. काळं निघेल, कापड बदला, पुन्हा टिपा. घासू नका. पहिल्याच दिवशी कान आरशासारखा करायचा हट्ट नको. दोन कापडं काळी झाली, तो कुरकुरायला लागला, की एका कानावर थांबा. बांगड्याची फोड द्या, सोडून द्या. दुसरा कान संध्याकाळी. जबरदस्तीने एकदाच सगळं उरकलंत तर उद्या टॉवेल दिसला की मन्या आंब्याच्या झाडावर असेल, आणि औषध पुरं करायचं राहून जाईल.

कानात घालायचं औषधही दिलं असेल तर धुतल्यावर 10 मिनिटं कान सुकू द्या आणि मग घाला. त्याच्या मागच्या पायांची नखं आदल्या दिवशी टोकाला, अगदी पांढऱ्या भागात, जरा बोथट करून घ्या. कानामागचं रक्त नखांनीच निघालंय.

ओरखडा बसला किंवा चावला तर लपवू नका आणि हळद लावून बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि आपल्या डॉक्टरकडे जा. मांजराचे सुळे बारीक आणि लांब, जखम वरून टाचणीएवढी दिसते पण खोल जाते आणि लवकर पिकते. शिवाय मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो. मन्याला आणि ठकीला रेबीजची लस दिली नसेल तर त्याच फेरीत त्याचं विचारा. मुलाला मांजर धरायचं काम देऊ नका, बांगड्याची वाटी धरायचं द्या.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर घरी धुण्याचा विचारच सोडायचा. मान एका बाजूला कललेली राहते. चालताना झोकांड्या जातात, गोल गोल फिरतो. डोळ्यांची बुबुळं इकडून तिकडे हलत राहतात. एका बाजूची पापणी उतरलेली दिसते. कानातून पिवळा-हिरवा पू किंवा रक्त येतं. हात लावला की ओरडतो. कानाची पाळी उशीसारखी फुगून मऊ लागते. हे शेवटचं खूप मान झटकल्याने होतं, पाळीच्या आत रक्त साठतं. मन्या इतके दिवस झटकतोय म्हणून मुद्दाम सांगते, रोज सकाळी दोन्ही पाळ्या चिमटीत धरून जाडी सारखीच लागते ना ते पाहा. आणि एकाच कानाला पुन्हा पुन्हा त्रास होत असेल तर आत गाठ वाढतेय का हे बघावं लागतं. तरुण मांजरांत ती नळीत किंवा मधल्या कानात होते, आणि कितीही धुतलं तरी ती धुऊन जात नाही.

ठकीच्या कानांच्या कडांवर राखाडी जाड खपल्या दिसल्या, किंवा गोल टक्कल पडलेले खवलेदार चट्टे दिसले, तर ते कानातल्या माइटपेक्षा वेगळं आहे. खरूज किंवा गजकर्ण, आणि दोन्ही माणसाला लागू शकतात. मुलाच्या हातावर, पोटावर खाजरे चट्टे आलेत का ते बघा. आले असतील तर दोन्ही डॉक्टरांना सांगा, त्याच्या आणि तिच्या.

किती दिवसांनी साफ करायचा, या प्रश्नाचं उत्तर ऐकून तुम्हाला बरं वाटेल. किडे संपले, कान बरा झाला, की जवळजवळ कधीच नाही. आठवड्यातून एकदा मांडीवर घेऊन गोंजारताना कान उलटून बघायचा, वास घ्यायचा. थोडा फिकट तपकिरी मेण कडेला दिसला तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने तेवढाच टिपायचा. काहीच दिसलं नाही तर हात लावायचा नाही. रोज रोज निरोगी कान धुतला तर आतली कातडी ओली राहून मऊ पडते, आणि कोकणातल्या पावसात ती तशीही लवकर सुकत नाही. मग आपणच दुखणं ओढवून घेतो. आंघोळ घालू नका, मांजराला ती लागत नाही. घालायचीच वेळ आली तर पाणी मानेच्या खालूनच.

राहिल्या सासूबाई. तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींमधून दिसतं की त्यांना नाही कसं म्हणायचं ही तुमची खरी अडचण आहे. त्यांनी पोरांचे कान तेलाने शेकले, रात्री जागल्या, त्यांचा हात मायेचा आहे. त्यांना हे उत्तर वाचून दाखवा, त्या आजोबांची गोष्टही. आणि मग मन्याचा कान धुवायच्या दिवशी द्रवाची बाटली दहा मिनिटं त्यांच्याच मुठीत द्या. नेमकी किती ऊब हवी ते त्यांना तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगलं कळेल.